जुन्या ॲक्टिव्हिटीज तारखेनुसार बाहेर कशा काढायच्या, आणि मधल्या काही गायब का होतात

१ जानेवारी २०२४, पहाटे ५:१० ला सुरू केलेला लाँग रन. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये त्याचा नकाशा दिसतोय, स्प्लिट्स (दर किलोमीटरच्या वेळा) दिसतायत, सगळं आहे, पण जानेवारी ते मार्च अशी रेंज टाकून यादी काढली की त्यात हा रन नाहीच. मी दोन संध्याकाळी यात घालवल्या, आधी वाटलं घड्याळ नीट सिंक झालं नसेल, मग वाटलं रन प्रायव्हेट राहिला असेल. शेवटी कच्चा डेटा उघडला तेव्हा कळलं, त्या रनची नोंद ३१ डिसेंबर, २३:४० अशी होती. सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत ठेवतो, माझं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे साडेपाचच्या आत सुरू केलेला प्रत्येक रन सर्व्हरच्या हिशोबात आदल्या दिवशी जाऊन बसतो. मधल्या दिवसांना याने काही फरक पडत नाही, पण रेंजच्या टोकावर असलेला रन सरळ बाहेर पडतो.

हे एवढं सविस्तर लिहितेय कारण जुनं ट्रेनिंग परत बघणं हे फार कामाचं आहे आणि लोक ते अर्ध्यातच सोडतात. मागच्या रेसच्या आधी किती किलोमीटर झाले होते, दुखापत झाली त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत भार किती वाढला होता, कोचने विचारलं तर काय सांगायचं, हे सगळं तुमच्या अकाउंटमध्ये पडलेलं असतं. फक्त ते नीट मागता यायला हवं आणि आलेली यादी पूर्ण आहे का हे तपासता यायला हवं. माझा सगळा भर त्या दुसऱ्या भागावर आहे, कारण अपुरी यादी बघून काढलेला निष्कर्ष यादी नसण्यापेक्षा वाईट.

आधी रेंज कागदावर लिहा

कुठलंही टूल उघडायच्या आधी सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि कुठल्या घड्याळाने (म्हणजे कुठल्या टाइमझोनने), या तीन गोष्टी लिहून काढा. "मागचा महिना" असं मनात ठेवलंत तर घोळ होतो, कारण मागचा महिना म्हणजे मागचे ३० दिवस की १ तारीख ते ३१ तारीख, हे टूल त्याच्या मनाने ठरवतं.

शेवटच्या तारखेचं जास्त जपायचं. ३१ मार्चपर्यंत हवं म्हणून शेवट "३१ मार्च" दिला तर बरीच टूल्स त्याचा अर्थ ३१ मार्चची मध्यरात्र, म्हणजे तो दिवस सुरू व्हायचा क्षण असा घेतात, आणि ३१ तारखेचा अख्खा दिवस जातो. म्हणून मी कायम एकच पद्धत वापरते, सुरुवात १ जानेवारी ००:०० धरून, शेवट १ एप्रिल ००:०० च्या आधीपर्यंत. पहिलं टोक आत, दुसरं टोक बाहेर. २३:५९:५९ वगैरे लिहायची गरजच पडत नाही आणि पुढच्या तिमाहीची रेंज बरोबर तिथूनच सुरू करता येते, मध्ये फट नाही आणि एक दिवस दोनदा मोजला जात नाही.

काही टूल्समध्ये मात्र नुसती तारीख द्यायची असते आणि तिथे शेवटचा दिवस आतच धरलेला असतो. कुठलं टूल काय करतं ते ओळखायचा सोपा उपाय म्हणजे एकाच दिवसाची रेंज देऊन बघायची, असा दिवस निवडायचा ज्या दिवशी तुम्ही नक्की काहीतरी केलं होतं. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे तीच तारीख टाका. ॲक्टिव्हिटी आली तर शेवटचा दिवस आत आहे, रिकामं आलं तर बाहेर आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण पुढचा सगळा हिशोब यावर उभा असतो.

ॲपमधल्या ॲपमध्ये

दोन-चार रनच शोधायचे असतील तर डाउनलोड वगैरेच्या फंदात पडू नका. स्ट्राव्हाच्या (धावणं, सायकलिंग नोंदवायचं ॲप) मोबाइल ॲपमध्ये तुमच्या ॲक्टिव्हिटीजच्या यादीत सर्च उघडलं की खेळ, अंतर, वेळ, तारीख असे फिल्टर मिळतात. गार्मिन कनेक्टच्या (गार्मिन घड्याळांचं ॲप) वेबसाइटवर ॲक्टिव्हिटीजची यादी उघडून फिल्टर लावता येतात आणि तिथेच सीएसव्ही (शीटमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) एक्सपोर्टचं बटण आहे.

पण त्या बटणात एक खाच आहे, ते फक्त स्क्रीनवर लोड झालेल्या ओळीच बाहेर देतं. यादी खाली खाली स्क्रोल केली की पुढच्या ओळी लोड होतात, म्हणजे तुम्ही स्क्रोल न करता बटण दाबलं तर फाइलमध्ये वरच्या थोड्याच ॲक्टिव्हिटीज येतात आणि तसं सांगणारा कुठलाही मेसेज येत नाही. म्हणून आधी हव्या त्या सुरुवातीच्या तारखेच्या खालपर्यंत स्क्रोल करा, एक-दोन आठवडे जास्तच जा, आणि मगच एक्सपोर्ट करा. फाइल उघडल्यावर सगळ्यात जुनी ओळ कुठल्या तारखेची आहे ते आधी बघा.

अख्खी अर्काइव्ह मागवून घेणं

कोडिंग येत नसेल आणि वर्ष-दोन वर्षांचं बघायचं असेल तर हा मार्ग सगळ्यात बरा. स्ट्राव्हाच्या वेबसाइटवर सेटिंग्जमध्ये, माय अकाउंटच्या खाली, अकाउंट डाउनलोड किंवा डिलीट करायचा भाग आहे, तिथे अर्काइव्ह रिक्वेस्ट करायची. नीट वाचून क्लिक करा, कारण अकाउंट डिलीट करायचं बटणही त्याच पानावर, जरा खाली असतं. रिक्वेस्ट केली की काही वेळाने ईमेलवर लिंक येते, झिप फाइल उतरवायची.

झिप उघडल्यावर ॲक्टिव्हिटीज नावाची एक सीएसव्ही फाइल दिसेल आणि त्याच नावाचं एक फोल्डर. फोल्डरमध्ये एकेका ॲक्टिव्हिटीची मूळ फाइल असते, फिट, टीसीएक्स किंवा जीपीएक्स, त्यातल्या बऱ्याच जीझेड प्रकारात आवळलेल्या. नुसती बेरीज आणि तारखा हव्या असतील तर फोल्डरला हात लावायची गरज नाही, सीएसव्ही पुरते.

आता ही सीएसव्ही एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये उघडा आणि तारखेच्या कॉलमकडे बघा. दोन गोष्टी तपासायच्या. एक, ती तारीख शीटला तारीख म्हणून कळली आहे का. सेलमध्ये मजकूर डावीकडे चिकटलेला दिसला तर शीटच्या दृष्टीने ते नुसतं अक्षरांचं वाक्य आहे आणि त्यावर फिल्टर लावला तर क्रम बाराखडीप्रमाणे लागेल, एप्रिल जानेवारीच्या आधी येईल. तसं असेल तर आधी त्या कॉलमचं रूपांतर तारखेत करून घ्या. दोन, ही वेळ यूटीसीमध्ये असते. म्हणून शेजारी एक नवा कॉलम करायचा, नाव द्यायचं "स्थानिक वेळ", आणि त्यात मूळ वेळ अधिक तुमच्या घड्याळाचा फरक. शीटमध्ये १ म्हणजे पूर्ण दिवस असतो, तर साडेपाच तास म्हणजे ५.५ भागिले २४. एवढं मिळवलं की माझा ३१ डिसेंबर २३:४० चा रन १ जानेवारी ५:१० वर येऊन बसतो. इथून पुढे फिल्टर, बेरीज, जे काही करायचं ते या नव्या कॉलमवरच करायचं, मूळ कॉलम तसाच राहू द्या, पुसू नका.

फिल्टरमध्ये मग तीच अट घालायची, सुरुवातीच्या तारखेएवढी किंवा नंतरची, आणि शेवटच्या तारखेच्या पुढच्या दिवसापेक्षा आधीची. सूत्र वापरायचं असेल तर काउंटइफ्स आणि समइफ्स ही दोन पुरतात, एकात किती ॲक्टिव्हिटीज ते मिळतं आणि दुसऱ्यात एकूण अंतर.

अजून एक, या फाइलमध्ये अंतराचा कॉलम दोनदा येतो आणि दोन्हींची एककं वेगळी असतात, एकात किलोमीटर आणि एकात मीटर. बेरीज करताना कुठला घेताय ते एका ओळखीच्या रनवर पडताळून घ्या. दोन्ही डोक्यात एकत्र झाले तर आठवड्याची बेरीज भलतीच येते.

एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅम लिहून

एपीआय म्हणजे प्रोग्रॅमने थेट सर्व्हरकडून डेटा मागायची सोय. ज्यांना थोडं पायथन वगैरे येतं किंवा शिकायची तयारी आहे त्यांच्यासाठी हा भाग, आणि दर आठवड्याला हेच काम करायचं असेल तर वेळ घालवण्यासारखा आहे. स्ट्राव्हाचं उदाहरण घेते कारण तिथे तारखेची रेंज देण्याची पद्धत एकदा समजली की बाकी सगळीकडे डोकं आपोआप चालतं.

सेटिंग्जमध्ये एपीआयच्या पानावर जाऊन स्वतःचं एक ॲप्लिकेशन बनवायचं, कॉलबॅक डोमेनच्या जागी लोकलहोस्ट, म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर, टाकायचं. क्लायंट आयडी आणि क्लायंट सीक्रेट मिळतं, आणि त्याच पानावर एक ॲक्सेस टोकन (डेटा मागताना दाखवायचा पाससारखा कोड) तयार दिसतं. बहुतेक जण तेच उचलतात आणि मग ॲक्टिव्हिटीज मागितल्यावर परवानगी नाही असं उत्तर येतं, कारण त्या टोकनला फक्त साध्या वाचनाची परवानगी असते. ॲक्टिव्हिटीज वाचायला वेगळी परवानगी लागते आणि "फक्त मला दिसाव्यात" अशा ठेवलेल्या ॲक्टिव्हिटीज हव्या असतील तर सगळ्या वाचण्याची, रीड ऑल वाली. मी सांगेन की हीच मागा. घराच्या आसपासचे छोटे रिकव्हरी रन बरेच जण प्रायव्हेट ठेवतात, कमी परवानगी घेतली तर ते यादीत येतच नाहीत, एरर नाही, काही नाही, नुसते गाळले जातात.

परवानगी घ्यायची म्हणजे ब्राउझरमध्ये ऑथराइजची लिंक उघडायची, हो म्हणायचं, मग ब्राउझर लोकलहोस्टवर जातो आणि "हे पान उघडत नाही" असं दाखवतो. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. वर ॲड्रेस बारमध्ये कोड लिहिलेला असतो, तो कॉपी करून टोकनच्या पत्त्यावर क्लायंट आयडी आणि सीक्रेटसोबत पाठवायचा, बदल्यात ॲक्सेस टोकन आणि रिफ्रेश टोकन मिळतं. ॲक्सेस टोकन ६ तास चालतं, नंतर रिफ्रेश टोकन देऊन नवं घ्यायचं. ही दोन्ही टोकनं आणि सीक्रेट म्हणजे तुमच्या अकाउंटची किल्ली आहे, मदत मागताना कोड कुठे टाकलात तर ती आधी काढून टाका.

आता मुख्य गोष्ट. ॲथलीटच्या ॲक्टिव्हिटीज मागताना चार गोष्टी देता येतात: आफ्टर (या वेळेनंतरच्या), बिफोर (या वेळेआधीच्या), पेज (कितवं पान), आणि पर पेज (एका पानावर किती). आफ्टर आणि बिफोरमध्ये तारीख नेहमीसारखी लिहायची नसते, तिथे १ जानेवारी १९७०, यूटीसी मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले तो आकडा द्यायचा. १ जानेवारी २०२४ यूटीसी ००:०० चा आकडा १७०४०६७२०० आहे. पण भारतात तुमची मध्यरात्र यूटीसीच्या साडेपाच तास आधी होते, म्हणून त्यातून १९८०० सेकंद वजा करायचे, आला १७०४०४७४००. शेवटचं टोक १ एप्रिलचं, यूटीसीने १७११९२९६००, वजा १९८०० म्हणजे १७११९०९८००. हा आकडा हाताने काढायची गरज नसते, पायथनला टाइमझोनसकट तारीख दिली की ते काढून देतं, पण टाइमझोन न देता तारीख दिली तर ते ज्या मशीनवर चालतंय तिथलं घड्याळ गृहीत धरतं. तुमच्या लॅपटॉपवर बरोबर उत्तर, आणि तोच कोड दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर टाकला की काही तासांनी सरकलेलं उत्तर. टाइमझोन कायम लिहून द्या. ज्या भागात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात तिथे तर दोन्ही टोकांचा फरक वेगळा असू शकतो, जानेवारीला जो होता तो एप्रिलला नसतो, म्हणून एकच आकडा दोन्हीकडे वजा करू नका.

प्रवास केला असेल तर हे सगळं अजून गुंतागुंतीचं होतं, कारण एका रेंजमध्ये दोन-तीन टाइमझोनमधले रन असतात. यावर मला सापडलेला सगळ्यात भरवशाचा उपाय असा, मागताना दोन्ही टोकांना एक एक दिवस जास्त मागायचा आणि आलेल्या यादीला नंतर स्थानिक तारखेने कापायचं. प्रत्येक ॲक्टिव्हिटीसोबत सुरुवातीची वेळ दोनदा येते, एक यूटीसीची आणि एक लोकल, म्हणजे जिथे धावलात तिथल्या घड्याळाची. कापायचं त्या लोकलवर. जगात सगळ्यात पुढचं घड्याळ यूटीसीच्या १४ तास पुढे आणि सगळ्यात मागचं १२ तास मागे आहे, म्हणून एक दिवसाचा पदर कुठेही गेलात तरी पुरतो. फक्त एक लक्षात ठेवा, त्या लोकल वेळेच्या शेवटी झेड हे अक्षर लागलेलं असतं, ज्याचा अर्थ खरं तर यूटीसी. ते अक्षर बघून लायब्ररी त्याला यूटीसी समजते आणि तुम्ही पुन्हा लोकलमध्ये बदललं तर साडेपाच तास दोनदा मिळवले जातात, सकाळचा रन दुपारी जाऊन बसतो. त्या वेळेला जशी आहे तशी वाचा, बदलू नका.

पानं

यावर वेगळं लिहितेय कारण सगळ्यात जास्त ॲक्टिव्हिटीज इथे हरवतात. पर पेज दिलं नाही तर एका वेळी ३० च येतात, जास्तीत जास्त २०० मागता येतात. आफ्टर दिलं की यादी जुन्याकडून नव्याकडे येते. म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये तुम्ही ७४ वर्कआउट केलेत आणि पर पेज न देता एकदाच मागितलं, तर पहिल्या ३० येतात, साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या, आणि पुढे सगळं शांत. ग्राफ काढला तर दिसतं की फेब्रुवारीत तुम्ही ट्रेनिंगच सोडून दिलं होतं. माझ्या एका मित्राने असाच ग्राफ बघून त्या काळात आपण आजारी होतो का हे आठवायचा प्रयत्न केला होता, बिचाऱ्याने त्या दिवसांत उलट जास्तच मेहनत केली होती.

म्हणून पर पेज २०० ठेवा, पेज १ पासून सुरू करा, आणि रिकामं पान येईपर्यंत पुढचं पान मागत राहा. "२०० पेक्षा कमी आले म्हणजे संपलं" असं धरू नका. मधलं पानही कधी कधी २०० पेक्षा कमी ओळींचं येऊ शकतं, हे त्यांच्या एपीआयच्या माहितीतच लिहिलेलं आहे. थांबायची खूण एकच, पूर्ण रिकामं पान.

लिमिटची काळजी यादीपुरती करायची गरज नाही. नव्या ॲप्लिकेशनला वाचण्याच्या रिक्वेस्ट १५ मिनिटांत १०० आणि दिवसाला १००० अशी मर्यादा असते. दहा वर्षांच्या ३००० ॲक्टिव्हिटीज असल्या तरी २०० च्या हिशोबाने १५ पानं आणि एक रिकामं, झालं काम. पण प्रत्येक ॲक्टिव्हिटीचे लॅप्स किंवा वर्णन हवं असेल तर एकेकासाठी वेगळी रिक्वेस्ट जाते, तिथे ३००० ला तीन दिवस लागतात. त्यामुळे आधी यादी काढा, रेंजने कापा, आणि उरलेल्यांचेच तपशील मागा. मर्यादा ओलांडली की ४२९ चा एरर येतो, तेव्हा पुन्हा पुन्हा मारत बसू नका, घड्याळात पुढचा पाव तास लागेपर्यंत थांबा.

बाकीची टूल्स, थोडक्यात

इंटरव्हल्स डॉट आयसीयू ही ट्रेनिंगचं विश्लेषण करणारी वेबसाइट वापरत असाल तर तुमचं काम फारच सोपं आहे. तिथे ओल्डेस्ट आणि न्यूएस्ट अशा दोन तारखा द्यायच्या, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आणि त्या स्थानिक तारखाच असतात, सेकंदांचा हिशोब नाही. सेटिंग्जमधून एपीआय की घ्यायची आणि झालं. पण तुमच्या ॲक्टिव्हिटीज तिथे स्ट्राव्हामार्गे येत असतील तर त्या एपीआयमधून बाहेर मिळत नाहीत, त्यामुळे घड्याळाच्या कंपनीचं अकाउंट तिथे थेट जोडलेलं बरं. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एपीआयचे नियम कडक केले, दुसऱ्या ॲपला तुमचा डेटा फक्त तुम्हालाच दाखवता येतो आणि एआय मॉडेल बनवायला वापरता येत नाही, त्यामुळे ज्यांचे कोच तिसऱ्याच ॲपमध्ये त्यांचं ट्रेनिंग बघायचे त्यांनी हे तपासून घ्यावं.

गार्मिनसाठी पायथनमध्ये गार्मिनकनेक्ट नावाची लायब्ररी आहे, त्यात तारखेनुसार ॲक्टिव्हिटीज काढायचं फंक्शन तयार आहे, सुरुवात, शेवट आणि हवा तर खेळाचा प्रकार द्यायचा. ती कंपनीची अधिकृत नाही, लॉगिनची पद्धत बदलली की बंद पडते, म्हणून महत्त्वाचं काम आदल्या दिवशी तिच्यावर सोडू नका.

ॲपल हेल्थमध्ये प्रोफाइलवरून सगळा डेटा एक्सपोर्ट होतो, एक भलीमोठी एक्सएमएल फाइल येते. त्यात वर्कआउट या नावाच्या नोंदी शोधायच्या, सुरुवात आणि शेवट दोन्ही वेळा टाइमझोनच्या फरकासकट लिहिलेल्या असतात, त्यामुळे गोंधळ कमी. फाइल मोठी असते म्हणून अख्खी एकदम उघडू नका, थोडी थोडी वाचणारा कोड वापरा.

आणि ज्यांना आपला डेटा आपल्याच कॉम्प्युटरवर हवाय त्यांच्यासाठी गोल्डनचीता हे ट्रेनिंगच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि ओपन सोर्स. एकदा फायली आत टाकल्या की डेट रेंज नाव देऊन साठवता येते, "मागचा बेस ब्लॉक" असं नाव द्या आणि कधीही क्लिक करा.

फिट फाइल स्वतः कोडने वाचणार असाल तर एकच सांगते, तिची वेळ १९७० पासून मोजलेली नसते, ३१ डिसेंबर १९८९ पासून असते. ६३१०६५६०० सेकंद मिळवले नाहीत तर तुमचे रन वीस वर्षं मागे दिसतील. चांगली लायब्ररी हे आपणच करते.

एआय असिस्टंटला विचारून काढत असाल तर

आता बरेच जण एमसीपी सर्व्हर (असिस्टंटला तुमच्या डेटाशी जोडणारा दुवा) जोडून असिस्टंटलाच विचारतात, "माझे मागच्या महिन्यातले रन दाखव". चालतं, पण मागताना पूर्ण तारखा लिहा, वर्षासकट, आणि टाइमझोन सांगा. उत्तर आलं की आधी तीन गोष्टी मागा: एकूण किती ॲक्टिव्हिटीज मिळाल्या, सगळ्यात पहिली कुठली, सगळ्यात शेवटची कुठली. संख्या बरोबर ३०, १०० किंवा २०० अशी गोल आली तर समजा की एकच पान वाचलंय. आणि बेरीज असिस्टंटने मनातल्या मनात केलेली घेऊ नका, यादी सीएसव्हीमध्ये मागून शीटमध्ये करा.

यादी पूर्ण आहे का, हे कसं बघायचं

माझी पद्धत सांगते. रेंजमधला कुठलाही एक आठवडा निवडायचा, शक्यतो ज्यात महिना बदलतो असा, आणि ॲपमध्ये तो आठवडा डोळ्यांनी बघून ॲक्टिव्हिटीज मोजायच्या. मग आपल्या यादीत त्याच आठवड्याच्या मोजायच्या. जुळल्या तर रेंजचं पहिलं आणि शेवटचं टोक असंच तपासायचं, पहिल्या दिवसाचं पहिलं वर्कआउट आणि शेवटच्या दिवसाचं शेवटचं. एवढं जुळलं की मधलं सहसा बरोबर असतं.

मग डुप्लिकेट. घड्याळ आणि फोन दोन्हीवर रेकॉर्ड केलं असेल तर एकच रन दोनदा येतो, आयडी वेगळे असतात म्हणून आयडीवरून सापडत नाही. सुरुवातीच्या वेळेत दोन-चार मिनिटांचा फरक आणि अंतर जवळपास सारखं अशा जोड्या शोधा, आणि एक ठेवा, शक्यतो हार्ट रेट असलेला.

एककं बघा. एपीआयमध्ये अंतर मीटरमध्ये, वेळ सेकंदात, वेग मीटर प्रति सेकंद. पेस हवा तर १००० ला वेगाने भागायचं, २.७८ वेग असेल तर ३६० सेकंद, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं. मूव्हिंग टाइम (प्रत्यक्ष हालचालीचा वेळ) आणि इलॅप्स्ड टाइम (थांबलेल्या वेळेसकट एकूण) वेगळे असतात, दोन वर्षांची तुलना करताना दोन्हीकडे एकच घ्या.

आठवड्याप्रमाणे बेरीज करत असाल तर वर्षाच्या शेवटाकडे लक्ष असू द्या. आंतरराष्ट्रीय पद्धतीत आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ३० डिसेंबर २०२४ हा दिवस २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोजला जातो. वर्ष २०२४ आणि आठवडा १ असा गट पाडलात तर डिसेंबरचे दोन दिवस जानेवारी २०२४ मध्ये जाऊन मिळतात. आठवड्याला नंबर देण्यापेक्षा त्या सोमवारची तारीख लिहिणं चांगलं.

दोन वर्षांची तुलना

इथे मी माझं ठाम मत सांगते, रेसची तयारी तपासताना कॅलेंडरच्या तारखा वापरू नका. रेसचा दिवस शून्य धरा आणि मागे मोजा, १६ आठवड्यांचा ब्लॉक म्हणजे ११२ दिवस. दोन्ही रेसच्या आधीचे ११२ दिवस काढले की लाँग रन लाँग रनच्या समोर येतो आणि टेपर (रेसच्या आधी भार कमी करायचे दिवस) टेपरच्या समोर, मग खरं दिसतं की यंदा कुठे कमी पडतंय. रेस नसेल आणि नुसते मागच्या वर्षीचे हेच दिवस बघायचे असतील तर ३६५ नाही, ३६४ दिवस मागे जा, ते बरोबर ५२ आठवडे होतात आणि रविवार रविवारवरच येतो.

दर आठवड्याला नवीन भर घालताना

एकदा सगळं काढलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून काढायची गरज नाही, शेवटच्या ॲक्टिव्हिटीनंतरचं तेवढं मागायचं. पण रेंज ही ॲक्टिव्हिटी सुरू झाल्याच्या वेळेवर चालते, अपलोड केल्याच्या वेळेवर नाही. १० तारखेची राइड तुम्ही २० ला सिंक केली आणि तुमचा प्रोग्रॅम १५ च्या पुढचंच मागतोय, तर ती राइड कधीच येणार नाही. म्हणून दर वेळी मागचे १४ दिवस पुन्हा मागा आणि आयडी आधीच असेल तर जुन्या ओळीवर नवी लिहा, नाव किंवा खेळाचा प्रकार नंतर बदलला असेल तर तोही असाच अपडेट होतो. नंतर डिलीट केलेल्या ॲक्टिव्हिटीज मात्र अशाने जात नाहीत, त्यासाठी मी तीन महिन्यांतून एकदा अख्खी यादी नव्याने काढते आणि जुन्या फाइलशी आयडी जुळवून बघते, जे आयडी नव्यात नाहीत ते हाताने तपासते. आणि जुनी फाइल तारीख टाकून तशीच बाजूला ठेवते.